कोनशिलेवरची ती ओळ खरवडून काढा

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या हस्ते बहुउद्देशीय सभागृहाचं लोकार्पण झालं, त्याबद्दल अभिनंदन. मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा सरकला आणि कोनशिलेवर वाचलं, ‘विद्यार्थ्यांच्या संकल्पनेतून व लोकसहभागातून साकार’. त्यातली विद्यार्थी मी. इमारत मात्र माझी नाही, आणि त्या लोकांचीही नाही.

आपल्याला रोज इतकी आश्वासनं द्यावी लागतात, म्हणून आठवण करून देते. दीड वर्षापूर्वी आपल्या खात्याने वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेतली. आराखडा वस्तीतल्या लोकांबरोबर बसून करायचा, एवढीच अट होती. पहिला येईल तो बांधू, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. मी तेव्हा चौथ्या वर्षाला होते. टाळ्या सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील.

सात महिने मी तिथे जात होते. पहिले दोन महिने एक रेघही ओढली नाही. सावली कुठून कुठे सरकते, दुपारी बायका कुठे टेकतात, मुलं अभ्यासाला कुठला दिवा शोधतात, हे वहीत टिपत बसायचे. मग १:५० चं, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या मापाचं, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. छत उचलता येणारं, भिंती सुट्या. ते लोकांपुढे ठेवलं आणि म्हटलं, हलवा काय हलवायचंय ते. बराच वेळ कुणी हात लावेना. शेवटी एका बाईंनी संडास मागच्या कोपऱ्यातून उचलून पुढे आणला. “रात्री तिकडं कोण जाणार?” चार वर्षं मी संडास मागेच काढत आले होते, नजरेआड. एका आजींनी तर स्टेजच उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, “हे घेऊन जा बाई. एक जण वर बसला की बाकीच्यांची तोंडं बंद होतात.”

त्या आराखड्यातली सगळ्यात मोलाची गोष्टही माझ्या डोक्यातून आली नव्हती. पश्चिमेला रुंद व्हरांडा, आणि तो कुलपाच्या बाहेर. सभागृह बंद असलं तरी टेकायला जागा उरली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्याच्या सावलीत पश्चिमेची भिंत तापणार नाही, हा हिशेब मी मागाहून जोडला.

आता आपण उद्घाटन केलंत त्या वास्तूबद्दल. व्हरांडा नाही, त्याऐवजी लोखंडी कुंपण आहे आणि त्याला फाटक. स्टेज आहे, आणि त्याने हॉलचा तिसरा हिस्सा खाल्लाय. संडास मागे, अंधारात. पश्चिमेला सरकत्या खिडक्या, म्हणजे सगळ्या उघडल्या तरी वारा अर्ध्याच जागेतून येणार. रॅम्प तर मी टेप लावून मोजला. जोतं ६० सेंटिमीटर उंच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार धरतात, त्याला ७.२ मीटर लांबी लागते. तुमचा रॅम्प २.४ मीटरचा आहे, १:४. त्याला वस्तीतल्या मुलांनी रविवारीच योग्य नाव दिलं, घसरगुंडी. बहुउद्देशीय म्हणतात ते हेच असावं.

चौकशी केली तर खात्यातले एक साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, “तुमची कल्पना छानच होती मॅडम, पण टाइप प्लॅन आधीच मंजूर होता.” टाइप प्लॅन म्हणजे सगळीकडे वापरायचा एकच साचेबंद नकाशा. किती आधी? तर स्पर्धेचा निकाल लागण्याच्याही आधी टेंडर निघालं होतं. म्हणजे मी रात्र रात्र जागून भिंती चिकटवत होते, तेव्हा या इमारतीचं लोखंडसुद्धा मोजून झालं होतं.

मी काय काय घालवलं ते सांगायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पण सांगतेच. वस्तीतल्या फेऱ्यांपायी एका विषयात नापास झाले. कटरने बोट कापलं, त्याला चार टाके पडले. घरचे विचारायचे, यातून मिळणार काय, आणि मी तोंड वर करून सांगायचे, माझी इमारत उभी राहणार आहे. आपल्याबरोबरचा प्रमाणपत्राचा फोटो घरात भिंतीवर होता. सोमवारी काढला. खिळा तसाच आहे. याहून वाईट घडलं ते कार्यक्रमानंतर. त्याच आजी स्टेजकडे बघत मला म्हणाल्या, “हे तू काढलंस होय गं?” नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोर कोनशिलाच होती. सात महिन्यांत कमावलेला विश्वास तुम्ही एका ओळीत खर्च केलात, आणि तोही माझ्या खात्यावर टाकून.

आपल्याकडून उत्तर येईल की विद्यार्थ्यांची स्वप्नं वेगळी, प्रत्यक्ष बांधकाम वेगळं. ठीक. फ्रान्सिस केरे हा वास्तुविशारद बर्लिनमध्ये शिकत होता तेव्हाच त्याने आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो या आपल्या गावी शाळा उभी केली. २००१ मध्ये ती पूर्ण झाली. गावकऱ्यांनी मातीच्या विटा पाडल्या, आणि पत्र्याचं छत भिंतींपासून वर उचललं, म्हणजे तापलेली हवा मधून निघून जाते. २०२२ मध्ये त्याला वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. जर्मन वास्तुविशारद ॲना हेरिंगरची बांगलादेशातल्या रुद्रपूरची माती-बांबूची शाळा मुळात तिचा पदवीचा प्रकल्प होता. ती गावातल्या लोकांच्या हातांनी बांधली गेली, आणि वास्तुकलेचा २००७ चा आगा खान पुरस्कार घेऊन गेली. त्यांच्या वाटेत टाइप प्लॅन आला नाही, एवढंच त्यांचं नशीब.

आमची वास्तुविशारदांची जमातही काही धुतल्या तांदळाची नाही. हसन फथीसारख्या मातीच्या बांधकामातल्या उस्तादाने इजिप्तमध्ये नवं गुर्ना हे गाव वसवलं, आणि ज्यांच्यासाठी वसवलं त्यातल्या बहुतेकांनी तिथे जायला नकार दिला. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो या सरकारी घरांच्या वसाहतीच्या अकरा मजली ३३ इमारती १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून पाडायला घेतल्या. कारणं पुष्कळ होती, देखभालीचा पैसा आटणं हे मोठं. पण राहणाऱ्यांना आधी विचारलं होतं, असं कुणी म्हणणार नाही. आम्हाला तरी कॉलेजात काय शिकवतात? ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे आराखडा मांडायच्या दिवशी ‘कम्युनिटी’ हा शब्द तीनदा उच्चारायचा आणि शीटवर झाडाखाली हसणारी माणसं चिकटवायची. लोकांसमोर गप्प कसं बसावं, याचा तास पाच वर्षांत एकदाही झाला नाही.

आणि तुमच्या व्यवस्थेत ऐकून घ्यायला एस्टिमेटमध्ये कॉलमच नाही. सिमेंटला आहे, सळईला आहे, उद्घाटनाच्या मांडवालाही असेल. सात महिने लोकांशी बोलण्याचा दर काय लावणार? मी आजवर नऊ सभागृहं पाहिली, सहांना भर दुपारी कुलूप होतं. तुमच्या अख्ख्या खात्याचा हिशेब याहून वाईट निघेल, पैज लावते. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय, सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं. वस्तीतल्या ४१ बायाबापड्यांच्या सह्या तुमच्या फायलीत ‘सहभाग’ म्हणून लागल्या आहेत. त्या सह्या व्हरांड्यासाठी होत्या. कुंपणासाठी नव्हत्या.

मागणी फार नाही. इमारत पाडा म्हणत नाही, एवढी वेडी मी नाही. ती ओळ खरवडून काढा. रॅम्प नियमाप्रमाणे करा. आणि कुंपणाचं फाटक दुपारी उघडं ठेवा.

आपली,
वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाची एक विद्यार्थिनी

ता. क. माझं मॉडेल आपल्या दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय असं कळलं. ते मला परत हवंय, कारण आजींना दाखवायचंय. त्याचं छत उचलता येतं. तुमच्याकडे कुणी उचलून पाहिलं नसेल. स्टेज आत नाही, ते अजून माझ्याकडेच आहे.