सीताबर्डी मेट्रोच्या ताईंना आणि काँग्रेस नगरच्या दादांना

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत माझी आजी होती. घरातलं कुणीतरी वकील व्हावं, हा ध्यास तिने तेव्हापासून धरला. संसाराच्या धबडग्यात मी तो बाजूला ठेवला आणि शेवटी ४६ व्या वर्षी वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला.

परीक्षेच्या सकाळी इंदोऱ्याहून मेट्रोने निघाले. हिंगण्याकडे जायला सीताबर्डीला उतरले. गाडी सुटली आणि लक्षात आलं, हॉल तिकीट आणि आधार कार्डची फाईल सीटवरच राहिली! त्यांच्याशिवाय आत सोडत नाहीत. माझे पायच गळाले.

फलाटावरच्या सुरक्षारक्षक ताईंनी फक्त "कोणत्या डब्यात होतात?" एवढं विचारलं आणि लगेच वॉकीटॉकीवर पुढे कळवलं. काँग्रेस नगरच्या दादांनी फाईल शोधली आणि परतीच्या गाडीने स्वतः आणून दिली. तोवर ताई ड्युटी सांभाळत, दर फेरीला माझ्यापाशी थांबत होत्या. स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाल्या, "माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं. तुम्ही पेपर द्या, मग मीपण फॉर्म भरते."

दार बंद व्हायच्या सात मिनिटं आधी पोचले. आता कॉलेज सुरू झालंय.

दादा, तुमचे मनापासून आभार. ताई, तुम्हाला भेटायला दोनदा आले, पण गाठ पडली नाही. फॉर्म भरलात का? माझ्या बी.ए.च्या नोट्स अजून जपून ठेवल्यात, घेऊन येते.