पुनर्विकासाच्या आराखड्यात व्हीलचेअरला वाट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील आमच्या चार मजली गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची बोलणी सध्या सुरू आहेत. माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते आणि गेली सहा वर्षे व्हीलचेअर वापरते. मध्यंतरी संस्थेने वर्गणी काढून इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवली. परंतु अनेक जुन्या इमारतींत होते तसे ती मजल्यावर न थांबता दोन मजल्यांमधल्या जिन्याच्या टप्प्यावर थांबते. तिथून घरापर्यंत नऊ पायऱ्या उरतात. लिफ्टच्या खर्चातला पूर्ण वाटा भरूनही आईला दवाखान्यात न्यायचे तर आजही दोन माणसांना खुर्ची उचलावी लागते, आणि ती मिळाली नाहीत तर तपासणी पुढे ढकलावी लागते.

नव्या इमारतीत हा त्रास संपेल असे वाटले होते. मात्र विकासकाने मांडलेल्या आराखड्यात जोते दीड फूट उंच असून प्रवेशाला केवळ तीन पायऱ्या दाखवल्या आहेत. रॅम्पची मागणी केली तेव्हा ‘एका घरासाठी पार्किंगची जागा का घालवायची’ असे सभेत विचारले गेले. हे विचारणारे आमचे शेजारीच आहेत आणि आईची खुर्ची कितीदा तरी त्यांनीच उचलली आहे. म्हणूनच आईचे घराबाहेर पडणे कोणाच्या चांगुलपणावर सोडू नये, असे मला ठामपणे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे आमची संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येते. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारतीत विनाअडथळा वावरता यावे यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देऊ नये, असे कलम 44 सांगते. खरी अडचण नियमांत होती. 2017 च्या नियमावलीतील नियम 15 ज्या मानकांचा हवाला देत होता, त्यांतील बरीचशी प्रत्यक्षात शिफारशींच्या स्वरूपाची होती. दृष्टिबाधित याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या सुगम्यतेविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नेमका हाच दोष दाखवून नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला. मूळ याचिका 2005 मधली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

राज्याच्या हाती मात्र आजच एक साधन आहे. सहकार कायद्याच्या कलम 79(अ) अन्वये पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिलेली आहे आणि विकासकाची निवड सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर करावी लागते. या कार्यपद्धतीतच रॅम्प, रुंद दरवाजे, प्रत्येक मजल्याच्या पातळीवर थांबणारी लिफ्ट आणि व्हीलचेअर वळेल एवढे स्वच्छतागृह या बाबी निविदेच्या अटी म्हणून घालाव्यात, आणि त्यांची खातरजमा झाल्याशिवाय महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. सर्वसाधारण सभेतील बहुमताला या अटी वगळण्याची मुभा असू नये.

एक फूट उंचीला बारा फूट लांबी या मान्य प्रमाणाने दीड फूट जोत्याला अठरा फूट लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे एका मोटारीच्या लांबीपेक्षा थोडीच अधिक जागा. आमच्या सभासदांपैकी निम्म्यांहून अधिक जणांनी साठी ओलांडली आहे. आराखडा अद्याप महापालिकेत दाखल झालेला नसल्याने ही दुरुस्ती आज कागदावर होऊ शकते. जोते बांधून झाल्यावर तिथे अठरा फूट मोकळी जागा उरणार नाही.

— एक वाचक, पुणे