चुकलेलं प्रत्येक तिकीट दुर्मिळ नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पोस्टाच्या तिकिटांवरचा लेख वाचला आणि बरं वाटलं, आजकाल या छंदावर पान कोण देतं. पण छपाईत काहीही चुकलं असेल तर ते तिकीट दुर्मिळ आणि लाखमोलाचं, असा जो सूर होता ना त्यात, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तीसेक वर्षं भिंग घेऊन हेच करत बसलोय आणि या समजुतीपायी एकदा मी स्वतः चांगलाच आपटलोय.

आधी तेच सांगतो. एका विक्रेत्याने मला निळं तिकीट दाखवलं, मूळ रंग हिरवा, म्हणे पिवळी शाई छापायचीच राहून गेली. मी हुरळलो, घेतलं. घरी आणून भिंगाखाली धरलं तर बाजूचा पांढरा कागद तपकिरी पडलेला आणि शिक्क्याची काळी शाईसुद्धा विटलेली. तिकीट कुठेतरी उन्हात पडून होतं, पिवळा उडाला आणि निळा उरला, बस. छपाई एकदम व्यवस्थित होती, उन्हाने केलेलं काम मी छापखान्याचं समजून बसलो. तेव्हापासून रंग गायब म्हटलं की मी आधी कागदाची कड बघतो, मग शिक्का बघतो, तिकीट सगळ्यात शेवटी.

मुळात प्रश्न एकच असतो: चूक प्लेटमध्ये, म्हणजे छापायच्या धातूच्या पत्र्यात, आहे का त्या एका कागदावर आहे? प्लेटवर ओरखडा असेल तर तो प्रत्येक शीटवर (तिकिटांच्या अख्ख्या कागदावर) त्याच जागी येणार, शंभर शीट छापली तर शंभर वेळा. हा झाला कायमचा दोष, याला कॅटलॉगमध्ये नंबर मिळू शकतो. उलट शाईत केस अडकला, धुळीचा कण बसला, कागदाला सुरकुती पडली तर ते दोनचार शीटपुरतं, नंतर साफ. दिसायला दोन्ही सारखेच, पांढरा ठिपका तो पांढरा ठिपकाच. म्हणून एका तिकिटावरून निकाल देऊ नये, दुसरं तसंच सापडेपर्यंत थांबावं. (हे वाक्य मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज विसरतो.)

आणि दोष ओळखायचा तर आधी तिकीट कसं छापलंय ते कळायला हवं, तुमच्या लेखात याचा उल्लेखच नव्हता. कोरीव प्लेटवरून छापलेलं तिकीट उजेडात तिरकं धरलं की शाई उठून दिसते, नखाने हलकेच खरवडलं तर जाणवते सुद्धा. या प्लेटवर एकच डिझाइन रोलरने पुन्हा पुन्हा दाबून उठवायचे. एखादा ठसा फिका बसला की परत दाबायचे, तो केसभर सरकला तर अक्षरांच्या रेषा दुहेरी दिसतात, याला री-एन्ट्री म्हणतात. उठावाच्या ठशाने छापलं असेल तर शाई दाबली जाऊन कडेला सरकते आणि अक्षराला गडद काठ येतो, कधी मागच्या बाजूला दाब पण दिसतो. ग्रॅव्ह्युअर, म्हणजे फोटोवरून केलेल्या प्लेटची छपाई, असेल तर सगळं चित्र ठिपक्यांचं, अक्षरांच्या कडासुद्धा करवतीसारख्या. आता ग्रॅव्ह्युअरच्या तिकिटावर री-एन्ट्री सापडली असं कुणी म्हणालं तर पुढे ऐकायचीही गरज नाही, तिथे ती होऊच शकत नाही.

ब्रिटनच्या पेनी ब्लॅकचं बघा, 1840 चं, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. एका शीटवर 240 तिकिटं, 20 ओळी आणि ओळीत 12, आणि खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं, पहिलं एए आणि शेवटचं टीएल. ही अक्षरं प्लेटवर हाताने ठोकलेली, त्यामुळे एखादं जरा डावीकडे, एखादं तिरकं. अक्षरं सारखी असली तरी त्यांची जागा आणि आजूबाजूच्या खुणा जुळवून ते कुठल्या प्लेटचं हे लोक सांगतात. म्हणजे कारागिराचा हात जिथे थरथरला तीच आज ओळखीची खूण. मला या छंदातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, लाखमोलाच्या गोष्टींपेक्षा किती तरी जास्त.

आता ज्या मोठ्या चुका सगळ्यांना माहिती असतात त्यांना पण कारण असतं. भारतातलं 1854 चं चार आण्याचं तिकीट, त्यात राणीचं डोकं उलटं. का, तर लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळं छापलं जायचं, कागद मशिनवर उलटा गेला की झालं. 1918 चं अमेरिकेचं 24 सेंटचं उलट्या विमानाचं पण तसंच, दोन रंग दोन फेऱ्या, आणि बाहेर आलेलं शीट एकच, शंभर तिकिटांचं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपची 1861 ची त्रिकोणी तिकिटं घ्या, लंडनहून साठा येईना म्हणून तिथेच घाईत छापली आणि एका पेनीच्या ठशांत चार पेन्सचा एक ठसा बसला, चार पेन्सच्यांत एका पेनीचा. झालं, चुकीच्या रंगाची तिकिटं तयार. एकदा असं कारण कळलं की आपल्या हातातल्या तिकिटाला विचारता येतं, बाबा, तू असा झालास कसा? त्याचं उत्तर मिळत नसेल तर मला तरी लबाडीचाच वास येतो.

चूक आणि दुर्मिळपणा एकच नाही याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण 1962 चं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्यावरच्या अमेरिकेच्या तिकिटावर पिवळा रंग उलटा छापला गेला, लोकांना सापडला, गाजावाजा झाला, तर पोस्ट खात्याने काय करावं? तीच चूक मुद्दाम आणखी 4 कोटी छापली! चूक खरी, पण कुणाकडेही मिळेल अशी. ज्याला आधी सापडलं होतं त्याच्या डोळ्यासमोर काय झालं असेल याची कल्पना करा.

घरी तपासणाऱ्यांसाठी दोन चार गोष्टी सांगतो, कारण लेखात तिकीट पाण्यात टाकून मोकळं करा असं लिहिलं होतं आणि ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. 1880 च्या दशकात ब्रिटनमध्ये मुद्दाम पाण्यात विरघळणारी शाई वापरली होती, शिक्का धुवून तिकीट परत वापरू नये म्हणून. हिरवं तिकीट पाण्यात टाकलं की पिवळट होऊन बाहेर येतं आणि मग कुणीतरी ते वेगळी छटा म्हणून नाचवतो. शिवाय पाकिटावर असेल तर पाकिटासकटच ठेवा, तारखेचा शिक्का हाच पुरावा असतो. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली फिकी खूण, बघायला काळ्या ट्रेवर लायटरचं पेट्रोल थेंबभर टाकतात, पण आगीपासून लांब, आणि ग्रॅव्ह्युअरच्या तिकिटावर नको, काहींची शाई त्यात सुटते. वॉटरमार्क उलटा दिसला तरी लगेच उडी मारू नका, तिकिटांच्या जुन्या ब्रिटिश पुस्तिकांसाठी शीटच अशी छापायचे की अर्धी तिकिटं उलट्या वॉटरमार्कची निघायची.

दात नसलेलं तिकीट म्हणून जे दाखवतात त्यातली बरीच कात्रीने झालेली असतात. कडेला रुंद जागा नसेल किंवा जोडी नसेल तर विश्वास ठेवू नका. दात मोजायचे ते दोन सेंटिमीटरमध्ये किती यावर, 14 की 16 एवढ्याने सुद्धा तिकीट वेगळं ठरतं. मागे दुसरं चित्र दिसलं तर ते आरशातल्यासारखं उलटं आहे का बघा. उलटं असेल तर खालच्या शीटची ओली शाई वरच्याच्या पाठीला लागली एवढंच, सरळ असेल तर मात्र कागद दोन्ही बाजूंनी छापला गेलाय आणि मग हात थरथरायला हरकत नाही.

नकली करणारे पण आपल्यासारखेच अभ्यासू असतात. 1864 च्या पेनी रेडवर, म्हणजे ब्रिटनच्या एका पेनीच्या लाल तिकिटावर, प्लेटचा नंबर डिझाइनमध्येच बारीक लिहिलेला असतो. 77 नंबरची प्लेट रद्द केली होती तरी तिची काही तिकिटं बाहेर पडली, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि 177 नंबरची भरपूर. मग काय, 177 मधला 1 खरवडून काढतात. भिंगाखाली त्या जागेचा कागद जरा केसाळ दिसतो, शेजारची रेषा पण अर्धवट गेलेली असते. असं एक मी पाहिलंय, फार सफाईचं काम होतं, दोन मिनिटं मी पण फसलो होतो.

एक विनंती, पुढच्या वेळी तिकिटाचा फोटो छापाल तेव्हा मागची बाजूही छापा आणि बाजूला पट्टी ठेवा, समोरच्या एका फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

आणि जाता जाता एक स्वार्थ. माझ्याकडे एका जुन्या लाल तिकिटावर राजाच्या कानाखाली पांढरा ठिपका आहे, मोहरीएवढा पण नाही. तसंच दुसरं चार वर्षांनी मिळालं आणि त्याला खाली शीटची कड लागलेली निघाली, म्हणजे जागा शेवटच्या ओळीत हे नक्की झालं. आता ओळीत कितवं ते कळायला शेजारचं तिकीट जोडलेलं असलेलं तिसरं हवंय. दर रविवारी ढिगारा उपसतोय, अजून नाही सापडलं.

आपला,
एक नियमित वाचक