सुट्टी मे महिन्यात येते, म्हणून जैसलमेरही मे महिन्यातच?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेला आठवडाभर परभणीत जिकडे जावं तिकडे एकच फलक दिसतो : ‘धोंड्याचा महिना विशेष, राजस्थान यात्रा’. पुष्कर, नाथद्वारा, रामदेवरा आणि शेवटी जैसलमेर. खाली उंटांची रांग आणि मावळता सूर्य. यंदा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा आला आहे. पुण्य जोडायचा महिना, लेकरांना सुट्ट्या आणि पेरणीआधीची मोकळीक असं सगळं जुळून आल्यामुळे आमच्या एकट्या गल्लीतून तीन घरांनी आगाऊ पैसे भरलेत. त्यातल्या एका घरात पंचाहत्तरीच्या आजी आहेत. त्यांचं नाव यादीत आहे हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका. उन्हाळ्यात शेतातून, वीटभट्टीवरून, लग्नाच्या मांडवातून उचलून आणलेले उष्माघाताचे रुग्ण नोकरीत दरसाल पाहिले. आणि तरीही 2024 च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान, जाऊबाई, त्यांची दोन लेकरं आणि बहात्तर वर्षांचे मामंजी असे सगळे जैसलमेरला गेलो. टूरवाल्यानं सांगितलं होतं की या दिवसांत गर्दी नसते आणि हॉटेलचे दर निम्म्यावर येतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या का खऱ्या आहेत, हे आम्ही त्याला विचारलं नाही. मामंजींनी तर विषयच संपवला होता. “आपण परभणीचे हावोत. आपल्याला कोण ऊन सांगायलंय?”

हे वाक्य मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा आपण रोज पेपरात वाचतो. मे महिन्यात तो चाळीसच्या वर असणार हे ठरलेलंच. जैसलमेरच्या मे महिन्यातल्या कमाल तापमानाची सरासरी काढली तर तीही चाळिशीच्या थोडी वर. कागदावर दोन्ही गावं सारखीच. माणूस फसतो तो इथंच. घरी असताना आपण त्या उन्हात असतो कुठं? अकरा वाजले की आपण दारं लोटून घेतो. माळवदाचं घर असेल तर जाड मातीच्या भिंतीआड दुपार काढतो, माठाचं पाणी पितो, पाच वाजता बाहेर पडतो. जैसलमेरची माणसंही हेच करतात. किल्ल्यातल्या गल्ल्या इतक्या अरुंद ठेवल्यात त्या सावलीसाठीच, आणि भिंतींना जाडी आहे तीही त्यासाठीच. तिथल्या एका दुकानदारानं आम्हाला सांगितलं की दुपारी तर आम्हीही बाहेर निघत नाही. भर दुपारी रस्त्यावर असतो तो फक्त प्रवासी, कारण त्याला बारा वाजता हॉटेलची खोली सोडायला लावलेली असते आणि संध्याकाळपर्यंत ‘पॉइंट’ उरकायचे असतात.

आमचंही तसंच झालं. जोधपूरहून जवळजवळ तीनशे किलोमीटर एसी बसनं आलो होतो, त्यामुळे बाहेरची हवा कशी आहे याचा अंदाज नव्हता. दुसऱ्या दिवशी खोल्या सोडल्या आणि एक वाजता बस किल्ल्याखाली उभी राहिली. जैसलमेरचा किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे, आत शिरायला एकापाठोपाठ चार दरवाजे : अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल. मधली चढण दगडी फरसबंदीची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. खालून दगड तापलेला, दोन्ही बाजूंच्या पिवळ्या भिंतींतून धग येते, आणि वरून लू, म्हणजे तिकडचा तापलेला कोरडा वारा. आपल्याकडच्या झळा थांबून थांबून येतात. लू थांबत नाही.

सूरज पोलापर्यंत मामंजी पुढं होते. गणेश पोलाशी भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, “गरगरायलंय गं.” मी त्यांच्या मानेला हात लावला. चटका बसावा इतकी कातडी गरम, आणि घामाचा टिपूस नाही. सदऱ्याच्या कॉलरवर मात्र मिठाची पांढरी रेघ उठली होती, टाचणीनं ओढल्यासारखी. म्हणजे घाम येऊन गेला होता. कोरडी हवा तो अंगावर टिकूच देत नव्हती, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं हे त्यांना कळलं नाही, आणि माझ्यासारख्या परिचारिकेलाही कळलं नाही. परभणीत सदरा भिजतो, पाठीला चिकटतो, तेव्हा माणूस आपसूक पाणी मागतो. तिथं ती खूणच मिळत नाही. पाच मिनिटांनी त्यांनी मला माझ्या सासूबाईंच्या नावानं हाक मारली. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

असं असंबद्ध बोलणं सुरू झालं की ते नुसतं ऊन लागणं राहत नाही. त्यांना सावलीत आडवं केलं, सदरा सोडला, जाऊबाईंची ओढणी भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवली आणि तिच्यावर वारा घालत राहिलो. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, पण आमच्यातलाच एकजण बाटली घेऊन तेच करायला धावला. त्याला ओरडून थांबवावं लागलं. तिथल्या एका रिक्षावाल्यानं पैसे न घेता दवाखान्यात पोचवलं. अंगात 105 ताप होता. दोन दिवस सलाईन चाललं आणि माणूस परत मिळाला. आमची टूर तिथंच संपली. लेकरांनी जैसलमेर पाहिलं ते दवाखान्याच्या खिडकीतून.

आम्ही घरी पोचलो त्याच आठवड्यात, 25 मे 2024 ला, फलोदीचा पारा पन्नासला टेकल्याची बातमी आली. फलोदी जोधपूर-जैसलमेर रेल्वेमार्गावरच आहे. देशातलं आजवरचं सर्वाधिक तापमान, 51 अंश, तिथंच नोंदलं गेलं, 19 मे 2016 रोजी. ज्या उन्हाळ्यात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा उन्हाळा. तारीख बघा. यंदा अधिक महिना 17 मेला सुरू होतो आणि यात्रेच्या बसेस नेमक्या त्याच दिवसांत तिकडे पोचतील.

कुणी म्हणेल, मग जूनमध्ये जाऊ, मृग लागला की गारवा येतो. तो आपल्याकडे. जैसलमेरला पाऊस पोचायला जुलै उजाडतो, आणि वर्षाचा सगळा मिळून दोनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. जूनमध्ये तिथं उन्हासोबत वाळूची वादळंही असतात. श्रावण-भादव्यात ऊन जरा उतरतं, पण हवा कोंदट असते आणि भादव्यात रामदेवऱ्याच्या मेळ्याला चालत जाणाऱ्यांनी रस्ते भरून जातात. ज्यांना त्या मेळ्यालाच जायचंय त्यांची गोष्ट वेगळी. दसऱ्याला पुन्हा पारा पस्तीसच्या पुढं असतो.

मग जायचं कधी? आपल्या मराठवाड्याच्या माणसानं आपलं शेत आणि आपलं पंचांग पुढ्यात ठेवून ठरवलं तर उत्तर सापडतं. शाळेची लेकरं सोबत असतील तर दिवाळीची सुट्टी. पण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. गेल्या वर्षी ती ऑक्टोबरात होती, तेव्हा तिकडे दुपार तापत होती. यंदा अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आलं आहे. भाऊबीज आटोपून निघालात तर जैसलमेरला दिवसा तीस अंश आणि रात्री पंधरा, असा हिशेब मिळेल. म्हणजे ज्या अधिक महिन्याच्या नावानं आज लोकांना उन्हात नेत आहेत, त्याच अधिक महिन्यानं यंदाची दिवाळीची सुट्टी सहलीसाठी चांगली करून ठेवली आहे.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मी सुचवणार नाही. गर्दी अफाट, दर दुप्पट-तिप्पट. आणि थंडी. वाळू झपाट्यानं तापते तशी झपाट्यानं निवतेही. हवेत ओल नाही, वर ढग नाहीत, दिवसाची ऊब धरून ठेवणारं काही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सात-आठवर येतो, कधी त्याहून खाली. दम्याच्या माणसानं तंबूतल्या मुक्कामाच्या फंदात पडू नये, पक्क्या खोलीत राहावं आणि पंप उशाशी ठेवावा.

घरात कुणाची दहावी-बारावी नसेल, तर माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे संक्रांत झाल्यापासून माघी पौर्णिमेपर्यंत. तूर घरात आलेली असते, हरभरा काढायला अवकाश असतो, ज्वारी हुरड्यात असते. शेतकऱ्याला आठ दिवस घर सोडता येतं. आम्ही 2025 च्या फेब्रुवारीत याच दिवसांत पुन्हा गेलो. मामंजी तयार होतील असं वाटलं नव्हतं. तेच म्हणाले की अर्धा किल्ला राहिलाय.

सकाळी आठला चढायला सुरुवात केली. गणेश पोलाशी ते थांबले, भिंतीला हात लावला, काही बोलले नाहीत आणि पुढं निघाले. शेवटच्या हवा पोलाखाली मात्र अर्धा तास बसून राहिले. त्या दरवाजाचं नाव का तसं ठेवलंय ते तिथं बसल्यावर कळतं. आत आजही हजारो माणसं राहतात, चुली पेटतात, लेकरं शाळेला निघतात. नळदुर्ग, देवगिरी, परांडा असे ओस पडलेले किल्ले बघायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे फार वेगळं वाटतं. हा किल्ला 1156 चा, रावळ जैसलनं वसवलेला. तिथले भाटी राजे स्वतःला यदुवंशी म्हणवतात. देवगिरीचे यादवही आपलं कूळ यदूशीच जोडत, आणि तेही त्याच बाराव्या शतकात देवगिरीवर राजधानी उभी करत होते. ही गोष्ट मी मामंजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे सोयरेच की.”

दिवसा सत्तावीस-अठ्ठावीस अंश, पायी फिरता येत होतं. गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर दोन तास गेले. पौर्णिमेला धरून तिथं तीन दिवस मरु महोत्सव भरतो. त्यात पगडी बांधण्याची स्पर्धा असते. मामंजी अजून पटका हातानं बांधतात, त्यामुळे ते त्या माणसांच्या बोटांकडे डोळे लावून बसले होते. सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी वाळू इतकी गार होती की लेकरं अनवाणी पळत होती. मे महिन्यात तिथं साडेसातपर्यंत सूर्य असतो आणि सूर्यास्ताच्या वेळीही वाळूला पाय लावता येत नाही. बरेचसे तंबू तर तेव्हा उठवलेलेच असतात. वाटेत एका झाडाखाली गाडी थांबली. ड्रायव्हर त्याला खेजडी म्हणाला, तिच्याच शेंगांची सांगरीची भाजी आम्ही आदल्या रात्री बाजरीच्या भाकरीसोबत खाल्ली होती. मामंजींनी डहाळी वाकवून पानं बघितली. ती शमी होती. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला.

ज्यांनी पैसे भरलेत आणि ज्यांचं जाणं टळणारच नाही, त्यांना हात जोडून सांगते. टूरवाल्याकडून आधी वेळापत्रक मागून घ्या. सकाळी दहाच्या पुढं आणि संध्याकाळी सहाच्या आत कुठलाही ‘पॉइंट’ असेल तर तो बदलायला लावा. अधिकाचे उपास किंवा एकभुक्त घरी आल्यावर करा, प्रवासात नको. तहानेची वाट पाहू नका. लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पीत राहा. हृदयाच्या, किडनीच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाणी-मीठ किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच निघा. सोबतचं माणूस चिडचिड करू लागलं, अडखळून बोलू लागलं, तर ‘थकलं असेल’ म्हणून सोडू नका.

पुण्य याच महिन्यात जोडायचं असेल तर पुरुषोत्तमपुरी आहे आपल्या माजलगाव तालुक्यात, गोदाकाठी. धोंड्याच्या महिन्याची आपली यात्रा तिथलीच. पहाटे निघून दुपारच्या आत घरी येता येतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. सहलींच्या जाहिराती आणि पर्यटनाची पुरवणी आपण छापताच. त्या पानावर, जिथं न्यायचंय तिथलं त्या महिन्यातलं कमाल आणि किमान तापमान एका ओळीत द्यावं. परभणीचा आकडा रोज देता, तसंच. आणि टूरवाल्यांना सांगणं आहे की साठीच्या पुढच्या माणसांना मे-जूनमध्ये वाळवंटात नेऊ नका. भरलेले पैसे बुडवून न घेता तेच बुकिंग नोव्हेंबर किंवा माघावर वळवून द्या. तुमचं गिऱ्हाईक कुठं जात नाही.

आमच्या गल्लीतल्या आजींच्या मुलाला काल संध्याकाळी भेटून आले. कॉलरवरच्या त्या मिठाच्या रेघेबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. आईचं नाव माघातल्या फेरीत चढवून घ्यायला तो उद्या सकाळी टूरवाल्याकडे जाणार आहे, आणि मी सोबत जाणार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, परभणी