ऐरोलीच्या काकांना, जुन्या रेडिऑन कार्डांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेतले जुने डेस्कटॉप आता स्पर्धा परीक्षेची मुलं रोज वापरताहेत. सगळ्यांत डेबियन हे लिनक्स, आणि पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड रेडिऑन एचडी 6450, म्हणजे 2011 सालचं. पडदा 1024 बाय 768 वर अडकलेला, पान खाली सरकवलं तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. "कार्डं गेली, नवी घ्या" असंच जो तो सांगत होता. तुम्ही एक रुपया न घेता तीच कार्डं चालवून दिलीत. तोंडी आभार मानून झालेत, पण अशी मशिनं ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत, क्लासांत धूळ खात असतील. त्यांनाही तुमची पद्धत कळावी, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

पहिले आभार, काही डाउनलोड करण्याआधी नुसतं बघितल्याबद्दल. टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' दिलं की मशिनमधल्या कार्डांची यादी येते. यादीत कार्डच दिसत नसेल तर फर्मवेअरचा, म्हणजे चिपला सुरू होताना लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या फायलींचा, प्रश्न येतच नाही. कार्ड काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी घासा, नीट बसवून स्क्रू लावा. खाडीकाठच्या दमट हवेत हे लागतंच. कार्ड दिसतंय, 'कर्नल मॉड्यूल्स' समोर रेडिऑन आहे, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आहे आणि कामाला लागलेला नाही. आमच्याकडे हेच होतं.

मग 'सुडो डीमेसेज', म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश, त्यात रेडिऑन आणि फर्मवेअर हे शब्द शोधायचे. फर्मवेअरचं फोल्डरच नसेल तर डेबियनचं कर्नल सरळ सांगतं, की आर600 आणि पुढच्या चिपांना मोडसेटिंगसाठी, म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन लावायला, फर्मवेअर बसवलेलं लागतं. फोल्डर आहे पण एखादी फाइल नाही, तर फाइलच्या नावासकट 'एरर -2' येतो. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. कार्ड बिघडल्याचा तो पुरावा नव्हे. ही ओळ वाचायची सवय तुम्ही मुलांना लावलीत, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आमची मशिनं डेबियन 11 वरून 12 वर आणलेली, आणि खरी मेख तिथे होती. जून 2023 मध्ये डेबियन 12 आलं तेव्हा फर्मवेअरची पॅकेजं 'नॉन-फ्री' मधून काढून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात ठेवली. नव्याने 12 टाकणाऱ्याला इन्स्टॉलर ते आपोआप देतो. अपग्रेड करणाऱ्याची सोर्सेस डॉट लिस्ट, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी, मात्र जुनीच राहते, आणि पॅकेजं बसवणारं ऍप्ट म्हणतं 'नो इन्स्टॉलेशन कँडिडेट'. जुनी माहिती वाचून कोणी नुसतं 'नॉन-फ्री' जोडलं तरी उपयोग शून्य. त्या यादीत बुकवर्मच्या, म्हणजे डेबियन 12 च्या, ओळीत मेनपुढे नॉन-फ्री-फर्मवेअर लिहायचं, 'ऍप्ट अपडेट' करायचं आणि 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज टाकायचं.

अपडेट एका मशिनवर तरीही अडलं: 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. तुम्ही आधी घड्याळ बघितलंत. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागे. सेल बदलला, तारीख लावली, काम पुढे. इंटरनेट नसलेल्या मशिनसाठी दुसऱ्या संगणकावर त्याच पॅकेजची डेब फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणलीत. हे पॅकेज 32 बिट असो वा 64, सगळ्यांना एकच आहे, त्यामुळे तिथे गोंधळ नाही.

एका मशिनवर आधीच कोणीतरी हाताने फायली टाकल्या होत्या. पडदा छान, पण व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायचा. एचडी 6450 ची चिप कैकोस. तिला पीएफपी आणि एमई या फायली लागतात कमांड प्रोसेसरसाठी, एमसी मेमरी कंट्रोलरसाठी, एसएमसी घड्याळाची गती आणि वीज सांभाळायला. या चारांच्या नावात कैकोस आहे. पण आरएलसी फाइल बीटीसी नावाने असते आणि व्हिडिओ उलगडणारी यूव्हीडी सुमो नावाने! कैकोस शोधून तेवढंच कॉपी करणाऱ्याच्या हातून या दोन सुटणारच. एमसी नसेल तर ड्रायव्हर सुरूच होत नाही. यूव्हीडी नसेल तर बाकी सगळं चालतं, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही. शिवाय फाइलच्या नावात चिपचं नाव कॅपिटल अक्षरांत आणि पुढचा भाग लहान अक्षरांत हवा. लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं. आमचं मत स्पष्ट आहे: हाताने टाकू नका, पॅकेजच घ्या.

पॅकेज बसताना इनिट्रॅमएफएस, म्हणजे मशिन सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा, पुन्हा बांधला जातो. तो डिस्कच्या बूट विभागात मावला नाही तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून अर्धवट राहतो, आणि रीस्टार्टनंतर पुन्हा काळा पडदा. जुन्या मशिनांत हा विभाग अनेकदा जेमतेम 250 एमबीचा असतो आणि त्यात जुनी कर्नलं साठलेली. 'डीएफ -एच' ने जागा बघून 'ऍप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज', मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल', हा तुमचा क्रम आम्ही भिंतीवर लावलाय.

शेवटचा अडथळा 'नोमोडसेट'. पडदा काळा पडला की हा शब्द ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाका, असं जो तो सांगतो. तात्पुरतं चित्र मिळवायला ठीक, पण तो तसाच राहिला तर फर्मवेअर असूनही रेडिऑन ड्रायव्हर कार्डाला हात लावत नाही. डिफॉल्ट ग्रबच्या फाइलमधून तो काढून 'अपडेट-ग्रब' चालवावं लागतं. एएमडी कंपनीच्या जुन्या कॅटॅलिस्ट ड्रायव्हरच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. आजच्या कर्नलवर तो चालत नाही.

झालं की नाही याची खूण 'जीएलएक्सइन्फो -बी', मेसा-युटिल्स पॅकेजमधलं. चित्र कोण काढतंय ते सांगणाऱ्या रेंडररसमोर 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर सगळा भार अजून प्रोसेसरवरच. 'कैकोस' आलं की जिंकलो. आता सगळीकडे कैकोस येतं. यूट्यूबचे काही व्हिडिओ अजून जड जातात, कारण हे कार्ड एच.264 प्रकारचे व्हिडिओ उलगडतं, व्हीपी9 प्रकारचे नाही. त्याला कुठलंच फर्मवेअर पुरं पडणार नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. मुलं आता व्याख्यानं एच.264 मध्ये उतरवून घेतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अभ्यासिकेचं काम पाहणारे आम्ही सगळे
नौपाडा, ठाणे