स्कॉटलंडची नोट लंडनमध्ये चालते का? मित्रास पत्र

एडिनबरा,
१२ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लंडनमधील एका किराणा दुकानात तुझ्या लेकीची, मृण्मयीची वीस पाउंडांची नोट 'ही आमच्याकडे चालत नाही' असे म्हणून परत करण्यात आली आणि ती नोट तर तिने स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एटीएममधूनच काढलेली होती, हे वाचून तू बुचकळ्यात पडलास यात नवल नाही. एका देशाची नोट त्याच देशाच्या राजधानीत कशी नाकारतात, हा तुझा प्रश्न रास्त आहे. या विषयावर इथल्या लोकांच्याही मनात पुष्कळ गोंधळ असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काळजीचे बोलू. नोट खरी आहे, तिची किंमत पूर्ण वीस पाउंड आहे आणि पोरीचा एक पेनीही बुडणार नाही. आपल्याकडे नोटा छापण्याचा अधिकार एकट्या रिझर्व्ह बँकेला असल्यामुळे आपल्याला हे चमत्कारिक वाटते. पण ब्रिटनमध्ये बँक ऑफ इंग्लंडखेरीज स्कॉटलंडच्या तीन आणि उत्तर आयर्लंडच्या तीन व्यापारी बँका आजही स्वतःच्या नावाने नोटा काढतात. स्कॉटलंडमधल्या तीन म्हणजे बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. त्यांतली बँक ऑफ स्कॉटलंड १६९५ सालची, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडहून जेमतेम एका वर्षाने धाकटी. इंग्लंडातही पूर्वी गावोगावच्या खासगी बँकांच्या नोटा होत्या; १८४४ च्या कायद्याने त्यांना उतरती कळा लागली आणि सॉमरसेटमधल्या शेवटच्या अशा बँकेने १९२१ मध्ये तो अधिकार सोडला. स्कॉटलंडने मात्र आपला अधिकार जिवापाड जपला. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारने पाच पाउंडांखालच्या नोटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा वॉल्टर स्कॉट या लेखकाने एडिनबराच्या एका वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून असे रान उठवले की सरकारला स्कॉटलंडपुरता तो बेत सोडावा लागला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या प्रत्येक नोटेवर आज त्याच स्कॉटचा चेहरा आहे. इथल्या माणसाला आपल्या नोटेचा एवढा अभिमान का, हे यावरून तुझ्या लक्षात येईल. ती नाकारली गेली की त्याला पैशांपेक्षा मानाचा प्रश्न अधिक बोचतो.

आता कायद्याकडे वळतो, कारण भांडण नेमके तिथेच जुंपते. ग्राहक म्हणतो, 'हे लीगल टेंडर आहे, तुम्हाला घ्यावेच लागेल.' दुकानदार म्हणतो, 'हे लीगल टेंडर नाही, म्हणून मी घेत नाही.' माझ्या मते दोघांचाही नेम चुकतो. लीगल टेंडर म्हणजे वैध चलन, आणि या संकल्पनेचा कायद्यातला अर्थ फार मर्यादित आहे: आधीच झालेले देणे ऋणकोने त्या चलनात पूर्ण देऊ केले, तर ते फेडले नाही म्हणून त्याच्यावर दावा चालू शकत नाही, इतकेच. दुकानाच्या गल्ल्यावर मृण्मयी तांदळाची पिशवी घेऊन उभी असते तेव्हा कोणतेही देणे अजून निर्माणच झालेले नसते. सौदा करायचा की नाही आणि कशाच्या मोबदल्यात करायचा, हे दोघांनी मिळून ठरवायचे असते. त्यामुळे दुकानदार स्कॉटिश नोट नाकारू शकतो, तशीच बँक ऑफ इंग्लंडची पन्नासची नोटही नाकारू शकतो, आणि 'आम्ही फक्त कार्ड घेतो' अशी पाटीही लावू शकतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये वैध चलन आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर कोणतीच नोट, अगदी बँक ऑफ इंग्लंडचीही, त्या अर्थाने वैध चलन नाही. तिथे तो दर्जा केवळ टांकसाळीच्या नाण्यांना आहे. आणि तरीही मी इथे रोज नोटांनी दूध, भाजी, बसचे तिकीट घेतो, इंग्लंडची नोट दिली तरी कोणी भुवई उंचावत नाही. व्यवहार कायद्याच्या कलमावर चालत नसून घेणाऱ्या-देणाऱ्याच्या ओळखीवर आणि विश्वासावर चालतो, असे मी म्हणतो ते याच अनुभवावरून.

मग लंडनमध्ये अडते कुठे? अडते ते गल्ल्यावर बसलेल्या माणसापाशी. समज, गल्ल्यावर संध्याकाळच्या गर्दीत एक मुलगा बसला आहे. दिवसभर त्याच्या हाताखालून राजाची किंवा राणीची छबी असलेल्या नोटा गेल्या आहेत आणि एकदम त्याच्यासमोर जांभळट रंगाची, केट क्रॅन्स्टन नावाच्या ग्लासगोच्या चहागृहाच्या मालकिणीचे चित्र असलेली, मागे लाल खारी रंगवलेली नोट येते. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची वीसची नोट अशीच आहे. पाचच्या नोटेवर बांगडे मासे आहेत आणि दहाच्या नोटेवर पाणमांजरे. नोट सुंदर आहे, पण खरी नोट हाताला कशी लागते, तिची पारदर्शक खिडकी कुठे असते, हे त्याला कोणी दाखवलेले नाही. बनावट नोट बँकेत भरली की तिचे काहीच मिळत नाही, तिचा फटका दुकानालाच बसतो, आणि 'ही कोणी घेतली?' हा प्रश्न उद्या त्याला विचारला जाणार असतो. त्याने 'नको' म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. दोष द्यायचा तर तो, त्याला काही न शिकवता गल्ल्यावर बसवणाऱ्या मालकाला देईन. सहा बँकांच्या नोटांचे नमुने गल्ल्यामागे चिकटवून ठेवायला आणि नव्या माणसाला ते समजावून सांगायला कितीसा वेळ लागतो? सीमेला लागून असलेल्या कार्लाइल, बेरिक यांसारख्या इंग्लिश गावांत हा प्रश्न फारसा उठतच नाही, कारण तिथे या नोटा रोज हाताखालून जातात.

उत्तर आयर्लंडच्या लोकांचे हाल तर याहून अधिक आहेत. तिथे बँक ऑफ आयर्लंड, अल्स्टर बँक आणि डान्स्के बँक नोटा काढतात. पहिलीचे नाव वाचून समोरच्याला वाटते की हे युरो असतील, आणि तिसरीचे नाव वाचून वाटते की ही डेन्मार्कची नोट. वस्तुतः दोन्ही अस्सल पाउंडच. ही डान्स्के म्हणजे पूर्वीची नॉर्दर्न बँक. डिसेंबर २००४ मध्ये बेलफास्टमध्ये तिच्यावर सुमारे २ कोटी ६५ लाख पाउंडांचा दरोडा पडला, तेव्हा चोरांच्या हाती पडलेल्या नोटा निरुपयोगी व्हाव्यात म्हणून बँकेने आपल्या बहुतेक नोटा मागे घेऊन नव्या रंगांत छापल्या. अल्स्टर बँकेच्या अलीकडच्या नोटा तर उभ्या आहेत, त्यामुळे लंडनच्या गल्ल्यावर त्या पाहिल्याबरोबरच शंका घेतली जाते.

तुला कदाचित वाटेल की या व्यापारी बँका उद्या बुडाल्या तर नोटेचे काय? २००९ च्या कायद्यानुसार या बँकांनी बाहेर फिरणाऱ्या आपल्या नोटांइतकी मत्ता नेहमी वेगळी राखून ठेवली पाहिजे, आणि तिचा मोठा भाग बँक ऑफ इंग्लंडकडेच असतो. त्यासाठी तिथे दहा लाख आणि दहा कोटी पाउंडांच्या खास नोटा आहेत, ज्या बाजारात कधीच येत नाहीत. तेव्हा मृण्मयीच्या हातातल्या नोटेमागे लंडनचीच पुंजी उभी आहे, आणि तीच नोट लंडनमध्ये परकी ठरते, हे मला मनापासून खटकते.

आपल्या नांदेडला निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया दोन्ही चालत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता, हे तुझ्या-माझ्या घरी आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे नाकारायला सबळ कारण होते, कारण दोन रुपयांची किंमतच वेगळी होती आणि घेणाऱ्याला नुकसान होण्याची खरी भीती होती. इथे तर बट्टाही नाही आणि कसरही नाही; नोटेवर 'पाउंड स्टर्लिंग' स्पष्ट छापलेले आहे.

हा प्रश्न संसदेतही गेला होता. २००९ मध्ये डेव्हिड मंडेल या स्कॉटिश खासदारांनी देशभर या नोटा स्वीकारल्या जाव्यात म्हणून विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. सक्तीने फार काही साधले असते असे मला वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला कायदा दाखवला तर तो नोट घेईल, पण पुढच्या वेळी 'सुटे नाहीत' असे सांगेल. मालकांनी माणसे शिकवावीत, हाच मला खरा उपाय वाटतो.

आता मृण्मयीने काय करावे ते लिहितो. लंडनला जाण्यापूर्वी जवळच्या नोटा डंडीतच खर्च कराव्यात किंवा बँकेत भराव्यात आणि तिकडे कार्ड वापरावे. तरी नोट उरलीच, तर लंडनमधल्या आपल्या बँकेच्या शाखेत किंवा पोस्टात ती खात्यात भरता येते. दुकानात कोणी नाकारली तर वाद घालू नये. 'ही स्टर्लिंगची नोट आहे, हवे तर तुमच्या व्यवस्थापकांना विचारा' एवढे शांतपणे म्हणावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते, कारण वरिष्ठांना माहिती असते. मॅन आणि जर्सी बेटांच्या नोटा मात्र सुट्या पैशांत कोणी देऊ केल्या तर घेऊ नयेत; ती बेटे युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत आणि त्या नोटा तिथून बाहेर खपवणे खरोखरच अवघड जाते.

तुझा दुसरा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीचा होता. भारतात परकीय चलन बदलून देणारे स्कॉटिश नोट घ्यायला बरेचदा का-कू करतात, म्हणून तिने येण्याआधी इथल्या बँकेतून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मागून घ्याव्यात आणि स्कॉटलंडच्या नोटा बरोबर आणूच नयेत. तिला माझा दूरध्वनी क्रमांक तुझ्याकडून पाठव. एखाद्या शनिवारी ती एडिनबराला आली तर तिला माझ्या बँकेत नेऊन हे काम करून देईन.

वहिनींना नमस्कार सांग, मृण्मयीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत