चिपळूणचं घर पक्कं करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

चिपळूणला कायमचं राहायला जायचं तुम्ही मनावर घेतलंय, त्याला माझी ना नाही. गाव लहान, चालत फिरण्याजोगं. स्टेशन, बाजार, वाचनालय, सगळं हाताशी. फक्त बाजारपेठेतला तो तळमजल्याचा ब्लॉक नको, एवढं माझं ऐका. किंमत कमी आहे ती उगाच नाही.

वाशिष्ठी नदी सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते आणि थोड्याच अंतरात गावात शिरते. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो. गावातून वाहणारी शिव नदी तिलाच मिळते. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी याच नदीत येतं, आणि पुढे दाभोळच्या खाडीतून भरती वर चढली की या सगळ्या पाण्याला वाट मिळत नाही. पात्रात गाळ साचलेला असेल तर आणखीच वाईट. 22 जुलै 2021 ला गुरुपौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि त्यात घाटात तुफान पाऊस. बाजारपेठेतले तळमजले बुडाले, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. 2005 च्या जुलैतही गाव असंच पाण्याखाली गेलं होतं. त्यामुळे पहिला मजलासुद्धा मला पुरेसा वाटत नाही. दुसरा मजला घ्या, नाहीतर उंचावरची वसाहत बघा.

घर बघताना नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा मागा. निळ्या रेषेच्या आत साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो, लाल रेषेच्या आत 100 वर्षांतून एकदा येणारा. पण नकाशावरच थांबू नका. इमारतीच्या जिन्यात उभं राहून भिंत नीट बघा. पुराचं पाणी उतरलं की गाळाची आडवी रेघ राहते. वरून रंग दिला तरी त्या उंचीखालचा गिलावा पोपडे धरतो, दाराच्या चौकटी तळाशी फुगलेल्या असतात. विजेचे मीटर नवीन पेटीत डोक्याच्या वर बसवलेले दिसले, तर पाणी कुठवर आलं होतं ते समजून घ्या. पाण्याचा पंप आणि जनरेटर कुठे आहे तेही विचारा. दोन्ही तळमजल्यावर असतील तर पुरानंतर कित्येक दिवस वर पाणी चढणार नाही आणि लिफ्टही बंद. आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

उंचावर गेलात की दुसरा धोका, दरडीचा. कोकणात वर जांभा दगड असतो, त्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या चिकण मातीवर अडतं. ती माती ओली होऊन निसरडी झाली की वरचा थर सरकतो. त्याच 2021 च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळीये आणि खेड तालुक्यातल्या पोसरे इथल्या वाड्या दरडीखाली गेल्या. उताराचा पायथा उभा कापून बांधलेली इमारत नको. मागच्या संरक्षक भिंतीत पाणी काढायची भोकं ठेवली आहेत का आणि ती उघडी आहेत का, हे हात घालून बघा. बुजलेली असतील तर भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि भिंत पोट काढते. वरच्या बाजूची झाडं किंवा विजेचे खांब कललेत, जमिनीला नवी भेग गेलीय, एरवी नितळ असलेला झरा एकाएकी गढूळ झालाय, यातलं काहीही दिसलं तर तिथून पाय काढा.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखे दिवस. पहाटे गोवळकोटपर्यंत चालायला जा, खाडीत होडीतून मगरी बघा. पण पाण्यात पाय सोडून बसू नका, आणि पावसाळ्यात मगरी रस्त्यावरही येतात. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, समुद्राचा वारा उशिरा आत येतो आणि दुपारी अंगाची लाही होते. तेव्हा फिरणं सकाळी आठच्या आत. जून ते सप्टेंबर बाहेरचं चालणं जवळजवळ बंदच धरा. पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि म्हातारपणी हाडं मोडतात ती तिथेच. म्हणून इमारतीला लांब गॅलरी किंवा छपराखालची मोकळी जागा असणं, याला मी खोल्यांच्या संख्येपेक्षा जास्त मोल देते. गुहागरला गेलात तर पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते.

बाबा, भरतीचा हिशेब तुम्हाला आवडेल. तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही समुद्राकाठची वेळ. खाडीतून चिपळूणपर्यंत चढायला भरतीला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, म्हणजे 24 तासांत 204 मिमीच्या वर पावसाचा अंदाज, तर गावात ऊन पडलं असलं तरी गाफील राहू नका. कोयनानगर आणि नवजाचे आकडे बातम्यांत येतात ते बघा. ती गावं घाटापलीकडे असली तरी आपल्या बाजूला काय कोसळत असेल याचा अंदाज येतो.

अशा दिवशी गाडी आदल्या रात्रीच उंचावर लावा. दहा दिवसांची औषधं, कागदपत्रं, टॉर्च, शिट्टी आणि सुका खाऊ एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पिण्याचं पाणी निदान 40 लिटर भरून ठेवा. पाणी इमारतीत शिरायच्या आत मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर बांधून ठेवा. मोकळा सिलिंडर तरंगतो आणि आपटतो. पुराच्या पाण्यातून चालावं लागलंच तर नंतर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांबद्दल विचारा. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077 वर असतो.

आणि दवाखाना. परशुराम घाट गावाच्या उत्तरेला, दरडीने तो बंद पडू शकतो. कुंभार्ली घाटही तसाच. मग मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांवर भिस्त ठेवून चालणार नाही. डेरवणचं रुग्णालय दक्षिणेला सावर्ड्याजवळ आहे, तिथे बाबांची फाईल आधीच उघडून ठेवा. मध्ये कामथे घाट लागतो, म्हणून पावसाळ्यातल्या तपासण्या मे महिन्यातच उरकून घ्या.

पैसे देण्याआधी, जे घर निवडाल त्याचे फोटो पाठवा, जिन्याचे आणि मीटरच्या पेटीचेसुद्धा.

तुमची,
धाकटी